शून्यावर बसवलेला देव

मंचरला मी ज्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे, तिथली पोरं माझ्या माघारी मला 'शून्यवाली मॅडम' म्हणायची. मला ते ठाऊक होतं. यादीतल्या नावांवरून मशीनला फिरवणारा फॉर लूप शिकवताना कुणी मोजणी एकपासून सुरू केली की माझा आवाज चढायचाच. "अरे, यादी शून्यापासून सुरू होते ना? मग पहिल्यानं काय तुझं घोडं मारलंय, त्याला वगळलंस ते?" पोरं खीखी करायची. एखादा शहाणा म्हणायचा, "मॅडम, बाकीची सगळी नावं आली ना, एकानं काय होतंय?" मी मग फळा पुसायला घ्यायचे.

एकानं काय होतं ते सांगायचं तर माझ्या लग्नापासून सांगायला हवं.

आमचं घर डिंगोऱ्याचं. माझा धाकटा भाऊ आणि मी, दोघं एसटीनं ओतूरला कॉलेजला जायचो आणि परतायच्या आधी एका कॉम्प्युटर क्लासला जायचो. त्या वर्षांत जो तो कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करत होता. दोन हजार साल लागलं की म्हणे सगळ्या मशिनी बंद पडणार, अशीही बोंब होती, आणि तरी आमचे वडील म्हणाले होते, "पडू दे बंद, तुमी शिका." क्लास म्हणजे एका दुकानाच्या माळ्यावरची खोली. खिडक्यांना जाड पडदे, दारात चपलांचा ढीग, कारण धूळ आत गेली तर मशीन बिघडतं अशी सरांची ठाम समजूत. आम्ही अनवाणी बसून सी भाषा शिकलो.

सर होते घोडेगावकडचे, आमच्यापेक्षा थोडेच मोठे. माणूस फार गोड. फॉर लूप त्यांनी पंगतीवरून शिकवला. वाढपी पंगतीत शिरतो तेव्हा त्याला तीनच गोष्टी कळाव्या लागतात, म्हणाले. कुठल्या पानापासून सुरू करायचं, कुठल्या पानापर्यंत जायचं, आणि एक पान झालं की पुढच्या पानावर सरकायचं. फॉर लूपच्या कंसात याच तीन गोष्टी लिहायच्या. मग मशीन न थकता, न विसरता, कुणाला कमी-जास्त न वाढता शेवटपर्यंत जातं. मला तर पहिल्याच दिवशी ते इतकं आवडलं की घरी भाकरी थापताना मी तव्याकडे बघून 'आय प्लस प्लस', म्हणजे पुढच्या पानावर सरक, असं म्हणायचे. आई म्हणायची, "काय पुटपुटतीस गं, मंत्र हाय का कुणाचा?"

घोळ होता तो शून्याचा. मशीन यादीतलं पहिलं नाव शून्य नंबरला ठेवतं, दुसरं एक नंबरला. आमच्या डोक्यात ते शिरेचना. कधी एक नाव कमी यायचं, कधी शेवटी भलतीच अक्षरं उमटायची. शेवटी सरांनी एक तोड काढली. म्हणाले, "पंगतीत पहिलं पान कुणाचं? नैवेद्याचं. ते बाजूला काढून ठेवतो, त्यावर वाढपी परत येत नाही. तसं शून्यावर देव बसवा. श्री लिहा तिथं. आणि आपण माणसं एकपासून मोजा." सगळ्या क्लासला हायसं वाटलं! वहीच्या पानावर वर श्री काढायची सवय आम्हाला होतीच. तेव्हापासून आम्ही सगळे यादीच्या डोक्यावर श्री टाकायचो आणि लूप एकपासून फिरवायचो. चूक म्हणून कधी निघाली नाही, कारण देव प्रत्येक यादीत होताच.

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांना एक हौस आली. पत्रिकांवर पाहुण्यांची नावं हातानं लिहायची नाहीत, पोरानं कॉम्प्युटरवर छापायची. "कळू द्या की पावण्यांना, पोरगं काय शिकतंय ते." मशिनीवर मराठी अक्षरं येत नव्हती, इंग्रजीच यायची. म्हणजे आमच्या घरात ती नावं वाचू शकणारे भाऊ आणि मी, दोघंच. वडिलांना त्याचा उलट जास्तच अभिमान.

आईला मात्र त्या सगळ्या यादीत एकाच नावाची काळजी होती. तिच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या राजुरीच्या मामाच्या.

मामाच्या पोराच्या लग्नात वडिलांना फेटा उशिरा बांधला गेला होता. बस, एवढंच! घरचे जावई म्हणून पहिला मान त्यांचा, आणि गडबडीत दुसऱ्याच कुणाला आधी बांधला. वडील पंगतीतून उठले. मामा हसत म्हणाला, "दाजी, फेटा काय पळून चाललाय का?" चार लोक हसले, आणि वडिलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून दोन घरांचं येणंजाणं बंद. आईच्या कितीतरी भाऊबिजा कोरड्या गेल्या. ओवाळायचं ताट ती तरी करायची आणि चंद्राला ओवाळून आत यायची. मला पुरुषांच्या या मानापानाचा आजही असा संताप येतो की काय सांगू. दोन वाव कापडापायी एका बाईचं माहेर बंद केलं यांनी.

माझ्या लग्नाच्या वेळी आई पहिल्यांदा अडून बसली. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. "माझ्या लेकीला माझा भाऊच आणंल, न्हायतर मी मांडवात पाय ठेवायची न्हाई." वडील दोन दिवस घुम्यासारखे बसले आणि मग वाकले. पण त्यांच्या पद्धतीनं. पत्रिकेत मामाचं नाव छापायचं, पत्रिका मामाला पाठवायची, पण आईनं स्वतः जायचं नाही. "पत्रिका जाती म्हंजे आमीच बोलावतोय ना? आनि पायघड्या कशाला?" आई त्यावरही खूश झाली. तिला तेवढं पुष्कळ होतं.

वडिलांकडची यादी भावानं आदल्या दिवशी छापली. टाइप करताना वर श्री, मग भाऊकी, मग सोयरे. झकास आली. आईकडची यादी कागदावर नव्हतीच, ती आईच्या तोंडात होती. म्हणून दुसऱ्या दिवशी आई आमच्याबरोबर एसटीनं ओतूरला आली. माळ्यावरच्या दारात तिनं चपला काढल्या, पदर नीट घेतला आणि देवळात शिरावं तशी आत आली. भाऊ मशीनपुढं, आई त्याच्या शेजारी, मी मागं उभी. त्यानं कालचाच प्रोग्राम उघडला, जुनी नावं पुसली आणि म्हणाला, "हां आई, सांग. पटापट सांग, लाईट जायची वेळ झालीये."

आई कुठलंही काम देवाचं नाव घेतल्याशिवाय सुरू करायची नाही. पीठ मळायला घेतलं तरी आधी देव. त्या दिवशी मात्र ती एकदम म्हणाली, "आधी दादाचं घाल. मागनं ऱ्हायला नको."

भावानं घातलं. हिरव्या अक्षरांत मामाचं नाव पडद्यावर आलं. आईनं विचारलं, "ह्ये दादाचं?" आम्ही हो म्हटल्यावर तिनं बोटाची टोकं काचेला लावून कपाळाला लावली. काचेला हात लावायचा नाही असा क्लासचा नियम, पण सर काही बोलले नाहीत. मग तिनं बहिणी, चुलत भाऊ, मावसभाऊ, भाचे, सगळी भराभर सांगितली. प्रिंटर करकरत सुरू झाला, कागद लांब बाहेर येऊ लागला आणि तो फाडून गुंडाळेपर्यंत लाईट गेलीच. आम्ही हसत खाली उतरलो. आईनं त्या दिवशी आम्हाला स्टँडवर भेळ खाऊ घातली.

घरी चिठ्ठ्या कापून पत्रिकांवर चिकटवायला निम्मी आळी बसली होती. मीही होते. कात्री चालवताना नावं कोण वाचतं? चेष्टामस्करी चालली होती, मला सासरच्या नावानं चिडवत होते सगळे. राजुरीकडचा गठ्ठा आमचा एक इंग्रजी वाचता येणारा चुलतभाऊ मोटारसायकलवर वाटून आला.

लग्न ओतूरला, स्टँडजवळच्या कार्यालयात होतं. आई सकाळपासून दाराशी. कुणी काही विचारायला आलं की उत्तर द्यायची, पण नजर रस्त्यावर. मुहूर्त जवळ आला तशी तिच्या तोंडावरची रया जात गेली. स्पीकरवर पुकारा झाला, "नवरीच्या मामांनी नवरीला बोहल्यावर घेऊन यावं." थोडा वेळ कुणीच हललं नाही. पुन्हा पुकारलं. मग आईचे एक चुलतभाऊ पुढं झाले आणि त्यांनी माझा हात धरला. भला माणूस होता, पण मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, नवरी आहे, रडणारच.

रात्री पाठवणी झाल्यावर आई वडिलांना म्हणाली, "तुमी पत्रिका काढून घेतली." वडिलांनी कुलदैवताची शपथ घेतली तरी तिचा विश्वास बसेना. हे मला मी मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा कळलं. घरात दोघांचं बोलणं बंद होतं. वडिलांना मी इतकं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं. "पोरी, मी खरंच न्हाई काढली गं," एवढंच ते मला म्हणाले.

वाटप करणाऱ्या चुलतभावाला विचारलं, तर तो म्हणाला, "त्यांच्या नावाची चिठ्ठीच नव्हती. मला वाटलं तुमचं भांडण हाय, म्हणून नसंल." भाऊ तसाच उठून प्रोग्राम तपासायला ओतूरला गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला परसात बोलावून म्हणाला, "ताई, श्री नव्हता टाकला. आईच्या यादीत श्री नव्हताच. शून्यावर मामा बसले." मला क्षणही लागला नाही समजायला. लूप एकपासून फिरला होता. मशीननं मामाचं नाव बाजूला काढून ठेवलं, जसं आम्ही त्याला सांगितलं होतं तसंच, आणि पुढच्या मावशीपासून सुरवात केली.

आम्ही आईला सांगितलं. तिला लूप कळला नाही, शून्य कळलं नाही, पण तिनं तिचा अर्थ लगेच लावला. "म्हंजे मी देवाआधी दादाचं नाव घेतलं, म्हणून ऱ्हायलं." आम्ही दोघांनी तिला परोपरीनं समजावलं की तसं नाही. पण समजावता समजावता मीच अडखळायचे. कारण तिनं आधी देवाचं नाव घेतलं असतं, भावानं ते सवयीनं वर टाकलं असतं, तर मामाचं नाव छापून आलं असतं, हे तर खरंच होतं ना! काय सांगायचं अशा बाईला?

दुसऱ्या दिवशी आई, वडील आणि भाऊ राजुरीला गेले. हो, वडीलसुद्धा. स्वतःहून म्हणाले, "मी बी येतो." मलाही जायचं होतं, पण सासरहून न्यायला माणसं आली होती. नव्या नवरीला थांब म्हणायची सोय नव्हती. ते माझं जाणं राहिलं ते राहिलंच. मी गेले असते तर नीट सांगितलं असतं, असं मला आजवर वाटत आलंय.

तिथं काय झालं ते भावानं मला नंतर सांगितलं. मामानं पाणी दिलं, चहा दिला. ओट्यावर गावातली चार माणसं येऊन बसली. भावानं ओतूरहून पुन्हा छापून आणलेला प्रिंटरचा कागद उलगडून दाखवला, शून्य म्हणाला, एक म्हणाला, देव म्हणाला, आणि चारचौघांत त्याची जीभ अडखळायला लागली. मामा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सगळ्या गणगोतात मशिनीला मीच तेवढा नको झालो व्हय?" कुणीतरी फिसकन हसलं. वडिलांनी मान खाली घातली. आई सारखी म्हणत राहिली, "दादा, माझंच चुकलं, मी देवाला इसरले." मामा म्हणाला, "असू दे बाई. झालं ते झालं." चहा पिऊन तिघं परत आले.

भांडण वाढलं नाही, मिटलंही नाही. मामाच्या घरात कुणाचं लग्न निघालं की पत्रिका यायची, आमच्याकडनं जायची. माणसं जात नव्हती.

भावानं क्लास सोडला. सरांनी घरी येऊन सांगून पाहिलं, "चूक माझी आहे, मीच तसं शिकवलं, याला पुण्याला पाठवा, याच्या हातात कला आहे." आणि खरंच होती. मला जे दोन तासांत जमायचं ते तो बसल्या बसल्या करायचा. पण तो परत त्या माळ्यावर चढला नाही. आता नारायणगावला टोमॅटोचा व्यापार करतो, चांगलं चाललंय. मी मात्र सासरी, मंचरला, हट्टानं शिकत राहिले आणि पुढं शिकवायला लागले. त्याचं जे व्हायचं होतं ते माझं झालं, हे मला कुठंतरी खुपतं.

आई गेली ती साध्या तापानं. दहाव्याला मामा आला. किती वर्षांनी पाहत होते मी त्याला! खांदे पडले होते, काठी आली होती. विधी उरकल्यावर माणसं पांगली आणि तो नदीच्या पायऱ्यांवर माझ्याजवळ येऊन बसला. काठी पायाशी आडवी ठेवली. मग म्हणाला, "तू ह्येच शिकवती म्हणं पोरांना. मला एक सांग. ती मशीन खरंच पयलं नाव सोडती?"

मी त्याला पंगत सांगितली. वाढपी सांगितला. पहिलं पान नैवेद्याचं, ते कसं बाजूला काढतात आणि वाढायला पुढच्या पानापासून सुरू करतात ते सांगितलं. मग म्हणाले, "मामा, बाकी सगळ्या याद्यांत त्या पानावर देव होता. आईनं तुमचं नाव सगळ्यांच्या आधी घेतलं. मागनं राहायला नको, म्हणाली. म्हणून त्या पानावर तुम्ही आलात."

मामा नदीकडे बघत होता. "म्हंजे देवाच्या जागी मला बसवलं व्हतं तिनं?"

"हो मामा."

"आन् हे कुणी मला असं का न्हाई सांगितलं गं? त्ये पोरगं नुसतं शून्य-शून्य करत व्हतं. मला वाटलं, दाजींना पाठीशी घालत्यात सगळी." त्यानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "आमच्या शेजाऱ्याला पत्रिका आली व्हती तुझी. त्यात माझं नाव छापलेलं. म्हणलं, जगाला दाखवायला नाव छापलं आन् मला बोलावलं न्हाई. तुझी मामी म्हणली, जाऊ नका. पण मी आलो व्हतो."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "कुठं आला होता मामा?"

"ओतूरला. स्टँडवर. नवा फेटा बांधून, तुझी साडी पिशवीत घिऊन. बाकड्यावर बसून ऱ्हायलो. म्हणलं, कुणीतरी वळखीचं बघंल, हाताला धरून न्हेईल. स्पीकरवर पुकारलं तवा उठलो बी. पयल्यांदा पुकारलं, मी थांबलो. दुसऱ्यांदा पुकारलं तवा रस्ता वलांडला. दारापत्तुर आलो आन् सनई वाजाय लागली. म्हणलं, आणली कुणीतरी नवरी. मागं फिरलो."

"मामा, आईला सांगायचंत की हे! ती आली होती ना घरी!"

"सांगणार व्हतो. चार माणसं बसलेली, लाज वाटली. म्हणलं, सांगू कधीतरी एकटी भेटल तवा."

 मी त्याचा हात धरून बसले. दुसरा पुकारा होईपर्यंत आई दारातून हलायला तयार नव्हती, मग बायकांनी तिला ओढून आत नेलं होतं. हे त्याला सांगावं असं माझ्या अगदी ओठावर आलं. मी सांगितलं नाही.